स्वादुपिंडदाहाचा रोगभार कसा मोजावा : पुणे जिल्ह्यात नोंदी ठेवणाऱ्यांसाठी

पोटाच्या वरच्या भागात अचानक उठणारी, तिथून थेट पाठीत जाणारी, पुढे वाकून बसल्यावर किंचित हलकी वाटणारी आणि उलटी होऊनही न थांबणारी कळ पुष्कळ घरांत सुरुवातीला ‘पित्त’ म्हणूनच सोसली जाते. थंड दूध होते, सोडा होतो, ओळखीच्या डॉक्टरांचे एक इंजेक्शन होते आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी रुग्णालय गाठले जाते. तेथे रक्त तपासल्यावर स्वादुपिंडाला सूज आल्याचे कळते आणि ‘पॅनक्रियाटायटिस’ हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला जातो. दहांपैकी सुमारे आठ रुग्णांचा तीव्र झटका सौम्य असतो. ते थोड्याच दिवसांत घरी जातात आणि ‘प्रकृतीत सुधारणा, घरी सोडले’ या शेऱ्याने दप्तरातले त्यांचे प्रकरण मिटते.

आजार मात्र त्या शेऱ्याने मिटत नाही. जठराच्या मागे आडवा असलेला, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा हा अवयव दिवसाला लिटर-दीड लिटर पाचक रस तयार करतो, आणि इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींची बेटेही त्याच्याच ऊतींत विखुरलेली असतात. पाचक विकरे आतड्यात पोहोचल्यावर जागी व्हावीत अशी निसर्गाची योजना आहे. ती ग्रंथीतच जागी झाली, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते, असे हान्स क्यारी यांनी १८९६ मध्येच मांडले होते. त्यामुळे जो घाव पचनसंस्थेच्या खात्यात नोंदला जातो, त्याचा परिणाम पुढे रक्तातील साखर, वजन, रोजची वेदना आणि घरची मिळकत या चार ठिकाणी उमटतो. रोगभार म्हणजे आजाराने माणसाची झालेली एकूण हानी; डिस्चार्जपर्यंतच मोजणी केली तर वाचलेल्या रुग्णांचा भार जवळजवळ शून्य दिसतो, हे या लेखातील मुख्य म्हणणे आहे. सामुदायिक वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी, वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि आरोग्यविषयक लेखन करणारे पत्रकार यांना पुणे जिल्ह्यात ही मोजणी कशी करता येईल, ते पुढे सांगितले आहे.

जगाचा आकडा हाती घेण्यापूर्वी

जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या आवृत्तीनुसार त्या वर्षी जगात तीव्र स्वादुपिंडदाहाचे सुमारे २८ लाख नवे रुग्ण झाले आणि सुमारे १ लाख १५ हजार मृत्यू झाले. त्याच अभ्यासाच्या २०१७ च्या आवृत्तीवर आधारलेल्या विश्लेषणात स्वादुपिंडदाहाच्या नव्या रुग्णांची संख्या सुमारे १७ लाख होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘दोन वर्षांत रुग्ण साठ टक्क्यांनी वाढले’ असे विधान करण्याचा मोह होतो आणि ते विधान चुकीचे ठरते. या अभ्यासाची प्रत्येक आवृत्ती मागील सर्व वर्षांचे अंदाज नव्याने काढते. नवी माहिती येते, गणिती पद्धत बदलते, आणि जुने आकडेही त्याबरोबर बदलतात. म्हणून काळानुसार झालेला बदल पाहायचा असेल तर एकाच आवृत्तीतील दोन वर्षांची तुलना करावी, आणि आकड्याशेजारी आवृत्तीचे वर्ष लिहिल्याशिवाय तो आकडा कोणत्याही तक्त्यात उतरवू नये.

दुसरी खबरदारी दराविषयी आहे. प्रसिद्ध होणारा दर बहुधा वय-प्रमाणित असतो. दोन देशांतील वयोरचनेचा फरक बाजूला ठेवून तुलना करता यावी, यासाठी तो काढलेला असतो. किती खाटा लागतील किंवा किती रुग्णांचा पाठपुरावा करावा लागेल, हे ठरवण्यासाठी आपल्या लोकसंख्येचा कच्चा दर लागतो. या आजाराच्या बाबतीत जगासाठी हे दोन्ही दर जवळजवळ आहेत, पण एकाऐवजी दुसरा वापरण्याची सवय इतर आजारांत घात करते.

तिसरी बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जिथे तपासणी सहज मिळते तिथे रुग्ण अधिक सापडतात. १९६१ ते २०१६ या काळातील अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर नव्या रुग्णांचा दर वर्षाला सरासरी सुमारे ३ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले, पण ही वाढ मुख्यतः उत्तर अमेरिका व युरोपमधील होती आणि आशियातील दर स्थिर दिसत होता. त्या देशांत लठ्ठपणा आणि पित्ताशयातील खडे वाढले हे खरे, तरी लायपेजची (रक्तात उतरणाऱ्या स्वादुपिंडाच्या पाचक विकराची) तपासणी आणि सीटी स्कॅन सर्रास उपलब्ध झाले हेही तितकेच खरे आहे. आपल्याकडील कमी आकडा वाचताना ज्या तालुक्यात लायपेजची तपासणी होत नाही, त्या तालुक्यातला रुग्ण कोणत्या रकान्यात गेला असेल, हा प्रश्न स्वतःला विचारावा. बहुधा तो ‘पोटदुखी’ या रकान्यात गेलेला असतो.

पुणे जिल्ह्यासाठी पहिला अंदाज

२०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, विविध देशांतील लोकसंख्याधारित अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात तीव्र स्वादुपिंडदाहाचा दर वर्षाला दर लाखामागे सुमारे ३४, त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर १.६, तर दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाचा दर सुमारे १० असा आला होता. ३४ चा दर जिल्ह्याला लावला तर वर्षाला सुमारे ३,२०० नवे तीव्र रुग्ण आणि १५० मृत्यू असा अंदाज निघतो. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१७ च्या आवृत्तीतील २०.६ हा दर लावला तर रुग्णांची संख्या सुमारे १,९०० येते. अहवालात यांपैकी एक आकडा निवडून लिहू नये. ‘१,९०० ते ३,२००, तोही २०११ च्या लोकसंख्येवर’ असे पूर्ण वाक्य लिहावे. जिल्ह्याची लोकसंख्या त्यानंतर बरीच वाढली असल्याने प्रत्यक्ष संख्या याहून अधिक असण्याचीच शक्यता आहे.

हा अंदाज केवळ चौकट म्हणून वापरावा. त्यातील दर प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील आहेत, तर आपल्याकडे कारणांचे मिश्रण वेगळे आहे. दक्षिण भारतातील सर्वेक्षणांत दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाचे प्रमाण (नवे-जुने सर्व रुग्ण धरून) दर लाखामागे ११४ ते २०० इतके आढळल्याची नोंद आहे, म्हणजे त्या प्रकाराच्या बाबतीत जगाची सरासरी आपल्याला फार तोकडी पडते. पित्ताशयातील खड्यांचे प्रमाण दक्षिणेपेक्षा उत्तर भारतात अधिक आहे. चाकण, रांजणगाव आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशापासून मराठवाडा आणि केरळपर्यंतची माणसे काम करतात. त्यामुळे रुग्णाचे सध्याचे राहण्याचे ठिकाण आणि मूळ गाव हे दोन वेगळे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवावेत.

रुग्णालयातील नोंदींवरून थेट जिल्ह्याचा दर काढण्याची चूक फार वेळा होते. पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत सातारा, सोलापूर, अहिल्यानगर, बीड अशा जिल्ह्यांतून रुग्ण येतात. त्यांना अंशात धरून छेदात पुणे जिल्ह्याची लोकसंख्या घातली, तर दर फुगतो. उलट पुण्याचा रुग्ण मुंबईला गेला तर तो निसटतो. ग्रामीण रुग्णालयातून ससूनला पाठवलेला एकच रुग्ण दोन्हीकडे नोंदला जातो आणि दोनदा मोजला जातो. छेद निश्चित हवा असेल तर जेथे घरोघरची लोकसंख्या नियमित मोजली जाते तेथे काम करावे लागते. शिरूर व हवेली तालुक्यांतील गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढू येथून २००२ पासून चालवलेली आरोग्य व लोकसंख्या पाहणी व्यवस्था हे याचे आपल्या जिल्ह्यातील उत्तम उदाहरण आहे.

रुग्ण कोणाला म्हणावे

व्याख्या आधी कागदावर लिहावी आणि मोजणी संपेपर्यंत बदलू नये. २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार तीनपैकी दोन गोष्टी असल्या तर तीव्र स्वादुपिंडदाह मानला जातो: त्या विशिष्ट प्रकारची पोटदुखी, रक्तातील लायपेज किंवा अमायलेज (हेही एक पाचक विकर) सामान्य पातळीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक, आणि सीटी, एमआरआय किंवा सोनोग्राफीत दिसणारे विशिष्ट बदल. तीव्रतेची विभागणीही याच वर्गीकरणाने करावी. कोणताही अवयव निकामी न झालेला आणि स्थानिक गुंतागुंत नसलेला तो सौम्य. अवयवाचा बिघाड ४८ तासांत सावरला किंवा केवळ स्थानिक गुंतागुंत झाली तर मध्यम. आणि बिघाड ४८ तासांहून अधिक टिकला तर गंभीर. म्हणजे दाखल झाल्याच्या दिवशी तीव्रता कायमची लिहून टाकता येत नाही, तिसऱ्या दिवशी तो रकाना पुन्हा उघडावा लागतो.

येथे ‘पित्त’ समजून घालवलेले दिवस मोजणीत आडवे येतात. अमायलेज तीन ते पाच दिवसांत पुन्हा सामान्य होऊ शकते, तर लायपेज अधिक दिवस वाढलेले राहते. चौथ्या दिवशी आलेल्या रुग्णाचे केवळ अमायलेज पाहिले तर तो व्याख्येतूनच बाहेर पडतो. म्हणून कळ सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, पहिल्या डॉक्टरकडे गेल्याची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ या तिन्ही गोष्टी लिहाव्यात. या तीन वेळांमधील अंतर हे स्वतःच रोगभाराचे एक माप आहे, कारण उपचारांना लागलेला उशीर त्यातूनच दिसतो. एकाच रुग्णाचा दुसरा झटका नवा रुग्ण म्हणून न मोजता ‘पुनरावृत्ती’ म्हणून मोजावा, आणि त्यासाठी प्रत्येक रुग्णाला झटक्यागणिक न बदलणारा एकच क्रमांक द्यावा.

कारणाचा रकाना

या रकान्यावर मी अधिक वेळ घालवणार आहे, कारण येथे झालेली चूक आकड्यांबरोबर माणसालाही इजा करते.

जगभर पित्ताशयातील खडे आणि दारू ही दोन प्रमुख कारणे आहेत. रक्तातील ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) दर डेसिलिटरला १,००० मिलिग्रॅमच्या पुढे जाणे, कॅल्शियम वाढणे, काही औषधे, पोटाला मार, ईआरसीपीनंतर (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेवर केल्या जाणाऱ्या प्रक्रियेनंतर) उद्भवणारा दाह आणि आनुवंशिक बदल ही इतर कारणे होत. खड्यांसाठी सोनोग्राफी सर्वांचीच करावी. सुरुवातीच्या ४८ तासांत एसजीपीटी (यकृताचे एक विकर) १५० च्या वर असेल तर खड्याचा संशय बळावतो, मग पहिल्या सोनोग्राफीत काही दिसले नसले तरी ती पुन्हा करावी. ट्रायग्लिसराइडचा नमुना दाखल होतानाच घ्यावा. उपाशी ठेवल्यावर ही पातळी एक-दोन दिवसांतच उतरते आणि कारण कायमचे हातून जाते.

दारूविषयी विचारताना नातेवाइकांना बाहेर बसवावे आणि ‘दारू पिता का?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. आठवड्यातून किती दिवस, एका बैठकीला काय आणि किती, बाटली एकट्याने की वाटून, आणि ही सवय किती वर्षांची, असे मोजता येण्याजोगे प्रश्न विचारावेत. उत्तर ग्रॅममध्ये बदलावे. १८० मिलीची ४२.८ टक्के मद्यार्काची एक क्वार्टर म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क, तर ६५० मिलीची ८ टक्के मद्यार्काची बिअरची बाटली म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम. भारतात १० ग्रॅमचा एक ‘ड्रिंक’ धरण्याची पद्धत आहे, अमेरिकेत १४ ग्रॅमचा, म्हणून ‘सहा ड्रिंक’ आणि ‘चार ड्रिंक’ ही दोन्ही उत्तरे त्याच एका क्वार्टरची असू शकतात. दिवसाला चार ते पाच ड्रिंकच्या पुढे दीर्घकालीन दाहाचा धोका स्पष्टपणे वाढत असल्याचे पाश्चात्त्य अभ्यासांत दिसते, म्हणजे रोजची एक क्वार्टर त्या सीमेवर किंवा सीमेजवळ असते. तरीही भरपूर पिणाऱ्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांनाच हा आजार होतो. म्हणून दारूच्या रकान्यावर थांबून चालत नाही. धूम्रपान हा स्वतंत्र धोका आहे आणि तो दारूबरोबर भर घालतो. बिडी व सिगारेट दिवसाला किती, हे लिहावे. मिश्री, तंबाखू आणि गुटखा यांची नोंद त्यापासून वेगळी ठेवावी.

बायकांनाही हेच सर्व प्रश्न, याच क्रमाने आणि याच स्वरात विचारावेत. त्यांना ते न विचारणे हा आदर नसून मोजणीतील छिद्र आहे.

आता उलट बाजू. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतव्यापी सर्वेक्षणात हजाराहून अधिक दीर्घकालीन रुग्णांपैकी सुमारे ६० टक्क्यांमध्ये कोणतेही ठरावीक कारण सापडले नाही, तर सुमारे ३९ टक्क्यांमध्ये कारण दारू होते. केरळमध्ये लहान वयातच स्वादुपिंडात खडे होऊन मधुमेह जडलेल्या शेकडो रुग्णांचे वर्णन प्रा. पी. जे. गीवर्गीस यांनी केले होते. त्या प्रकाराचा दोष बराच काळ कुपोषण आणि टॅपिओका (ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद) यांना दिला गेला, पुढे स्पिंक-१ या जनुकातील बदलाशी त्याचा संबंध आढळला. असे असताना एखाद्या तरुणाच्या कागदावर पुरेशी चौकशी न करता ‘अल्कोहोलिक’ असे लिहिले जाते, आणि ज्याने थेंबही घेतलेला नाही त्याला घरी, सासुरवाडीत आणि कामाच्या ठिकाणी त्याचा खुलासा करत बसावे लागते. असे खुलासे करणारी माणसे मी वॉर्डात पाहिली आहेत. वेदनेहून त्यांना तो शब्द अधिक बोचत होता. कारण ठरलेले नसेल तर ‘तपास चालू’ लिहावे. सोनोग्राफी, ट्रायग्लिसराइड, कॅल्शियम, औषधांची यादी आणि कौटुंबिक इतिहास हे सर्व पाहून झाल्यावरच ‘कारण आढळले नाही’ असे लिहावे.

आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तीव्र स्वादुपिंडदाहासाठी के-८५ हा गट आहे आणि त्यात खड्यांमुळे झालेल्यासाठी के-८५.१, दारूमुळे झालेल्यासाठी के-८५.२ असे उपगट आहेत. दीर्घकालीन प्रकार के-८६ मध्ये येतो. उपगट न लिहिता नुसते के-८५ लिहिले, तर कारणाच्या रकान्यावर केलेली सर्व मेहनत संगणकात शिरताना गळून जाते.

मृत्यू झाला असेल तर

रुग्णालयात भरला जाणारा मृत्यूच्या कारणाचा नमुना ४ पाहिल्यावर पुष्कळदा ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने’ एवढाच मजकूर सापडतो. हृदय प्रत्येकाचेच बंद पडते, त्यातून आजार कळत नाही. योग्य क्रम असा असतो: अ) अनेक अवयव निकामी होणे, त्याला कारण ब) स्वादुपिंडाच्या मृत ऊतींतील जंतुसंसर्ग, त्याला कारण क) पित्ताशयातील खड्यांमुळे झालेला तीव्र स्वादुपिंडदाह, आणि आधीपासूनचा मधुमेह असेल तर तो दुसऱ्या भागात. आकडेवारीत मोजले जाते ते मूळ कारण, म्हणजे बहुधा या साखळीची शेवटची ओळ. भारतात २०२० मध्ये नोंद झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते, त्यामुळे जे प्रमाणपत्र भरले जाते ते नीट भरणे अधिकच आवश्यक ठरते.

गमावलेल्या आयुष्यवर्षांचे गणित

रोगभार अभ्यासात ‘डॅली’ हे माप वापरतात. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि आजारासह काढलेली, पण आजाराच्या भारांकाने गुणलेली वर्षे यांची ती बेरीज असते. भारांक शून्य म्हणजे पूर्ण आरोग्य आणि एक म्हणजे मृत्यूइतकी हानी. तीव्र पोटदुखीचा भारांक ०.३२४ आहे, मध्यम पोटदुखीचा ०.११४, आणि गुंतागुंत नसलेल्या, रोज औषध घ्यावे लागणाऱ्या मधुमेहासारख्या आजाराचा ०.०४९.

चाळीस वर्षांच्या शंभर रुग्णांचा एक काल्पनिक गट घेऊ आणि वहीवर गणित करू. जागतिक आकड्यांच्या प्रमाणात त्यांपैकी चार जण दगावले असे धरले आणि अभ्यासाच्या प्रमाण आयुर्मान सारणीनुसार प्रत्येकाची सुमारे ४८ वर्षे गेली असे मानले, तर १९२ वर्षे गमावली. तीव्र वेदनेचे दिवस प्रत्येकी १४ धरले तर ०.३२४ गुणिले १४ भागिले ३६५, म्हणजे एका रुग्णामागे ०.०१२४ वर्षे आणि शंभर रुग्णांमागे १.२४ वर्षे. येथेच थांबले तर वाचलेल्या शहाण्णव जणांचा भार जवळजवळ नाहीच, असा निष्कर्ष निघतो, आणि जागतिक तक्त्यांत तो बऱ्याच अंशी तसाच दिसतो.

आता थोडे पुढे जाऊ. २०१४ मध्ये २४ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात तीव्र झटक्यानंतर सुमारे २३ टक्के रुग्णांना नव्याने मधुमेह झाल्याचे आढळले. आपल्या शंभरांपैकी २३ जणांनी मधुमेहासह २५ वर्षे काढली असे धरले, तर ०.०४९ गुणिले २५ म्हणजे प्रत्येकी १.२२५ वर्षे आणि एकूण सुमारे २८ वर्षे होतात. एका माणसाच्या हिशेबात रुग्णालयातल्या त्या पंधरवड्याहून हा भार जवळजवळ शंभरपट आहे. तो हरवत नाही, पण मधुमेहाच्या खात्यात जमा होतो, आणि स्वादुपिंडदाह टाळण्यासाठी खर्च करावा की नाही हे ठरवणाऱ्याला तो दिसत नाही. त्यात अजून पुनरावृत्ती धरलेली नाही. पहिल्या झटक्यानंतर सुमारे एक पंचमांश रुग्णांना पुन्हा झटका येतो, एकूण रुग्णांपैकी सुमारे दहा टक्के पुढे दीर्घकालीन आजाराकडे जातात, तर वारंवार झटके येणाऱ्यांत हे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास आहे. वर्षभर मध्यम वेदनेत काढणारा माणूस भारांकानुसार दर नऊ वर्षांत जवळपास एक वर्ष गमावतो.

गणित मांडताना कोणती आयुर्मान सारणी वापरली ते ठळकपणे लिहावे. जागतिक प्रमाण सारणी जन्मावेळी ८६ वर्षांहून अधिक आयुर्मान धरते, तर भारताचे आयुर्मान नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१६ ते २०२० या काळात ७० वर्षे होते. भारतीय सारणी घेतली तर मृत्यूमुळे गमावलेली वर्षे कमी दिसतात. माझा कल प्रमाण सारणीकडे आहे. पुण्याच्या माणसाचे चाळिसाव्या वर्षीचे मरण जपानी माणसाच्या मरणाहून स्वस्त धरावे, असे मला मान्य नाही.

घरची बाजू आणि पाठपुरावा

खर्च विचारताना रुग्णालयाचे बिल हा केवळ एक रकाना असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असले तरी बाहेरून आणलेली औषधे, योजनेत येण्यापूर्वीच्या तपासण्या, सोबतच्या माणसाचे जेवण, एसटीचे किंवा गाडीचे भाडे आणि दोन माणसांचा बुडालेला रोज हे सर्व घरातूनच जाते. पैसे कुठून आणले, हा प्रश्न अवश्य विचारावा: बचत मोडली, बचत गटातून उचलले, सोने गहाण ठेवले, की सावकाराकडून घेतले. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत घराच्या एकूण खर्चाच्या १० किंवा २५ टक्क्यांहून अधिक रक्कम आजारावर गेली तर ती मोठा आर्थिक आघात मानण्याची पद्धत २०२५ मधील सुधारणेपर्यंत होती. महिन्याला २०,००० रुपयांत भागवणाऱ्या घरासाठी या मर्यादा वर्षाला २४,००० आणि ६०,००० रुपये येतात. अतिदक्षता विभागात काही दिवस काढावे लागले तर खासगी रुग्णालयात त्या ओलांडायला वेळ लागत नाही.

पाठपुरावा तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने करावा. प्रत्येक वेळी वजन, जेवणानंतरची वेदना, तेलकट व पाण्यावर तरंगणारे शौच, पुन्हा दाखल व्हावे लागले का, कामावर किती दिवसांनी परतले, दारू व बिडीचे काय झाले, हे विचारावे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत तीव्र झटक्यानंतर तीन ते सहा महिन्यांत आणि पुढे दरवर्षी मधुमेहाची तपासणी करण्याची शिफारस आहे. त्यामुळे साखरेचा रकाना रिकामा असेल तर भेट पूर्ण झाली असे समजू नये, आणि तपासणीची चिठ्ठी कार्यकर्त्याने सोबतच न्यावी.

खड्यांमुळे झटका आलेल्यांसाठी एक प्रश्न सर्वांच्या आधी विचारावा: पित्ताशय काढले का? नेदरलँड्समधील, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य झटक्यानंतर त्याच भरतीत पित्ताशय काढलेल्या रुग्णांपैकी ५ टक्क्यांना, तर सुमारे महिनाभराने बोलावलेल्यांपैकी १७ टक्क्यांना खड्यांच्या गुंतागुंतीसाठी पुन्हा दाखल व्हावे लागले किंवा मृत्यू आला. ‘बरे वाटले की या’ असे सांगून घरी पाठवलेला रुग्ण बरे वाटल्यामुळेच परत येत नाही, हे पुण्यातही नेहमी दिसते. म्हणून शस्त्रक्रियेसाठी दिलेली तारीख, ती पाळली गेली की नाही आणि पाळली नसल्यास त्याचे कारण (पैसे, रजा, भीती, शेतीची कामे, प्रतीक्षायादी) हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे. टाळता येण्याजोगा रोगभार किती, याचे जिल्ह्यातले सर्वांत स्पष्ट उत्तर याच रकान्यांतून मिळते.

मोबाइल क्रमांक बदलतात, भाड्याची खोली बदलते, कंत्राट संपले की माणूस गावी जातो. डिस्चार्जच्या दिवशीच रुग्णाचा, घरातल्या एका बाईमाणसाचा आणि गावाकडच्या एका नातेवाइकाचा असे तीन क्रमांक रुग्णाच्या संमतीने घ्यावेत आणि तीन महिन्यांनंतरची तारीख डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून द्यावी. ही माहिती गोळा करण्यापूर्वी नीतिसमितीची मान्यता घ्यावी, आणि दारूच्या रकान्यातील मजकूर नातेवाइकांच्या हाती पडणार नाही अशी व्यवस्था करावी. तिन्ही क्रमांकांवरून उत्तर आले नाही तर आशा कार्यकर्तीला किंवा ग्रामपंचायतीला विचारावे आणि मृत्यूची नोंद झाली आहे का ते पाहावे. तोपर्यंत त्या नावापुढे ‘संपर्क नाही’ एवढेच लिहावे, आणि अहवालातल्या बऱ्या झालेल्यांच्या बेरजेत ते नाव धरू नये.